डीएनए-संश्लेषण, घन आधारावरील

डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्लाचे (डीएनएचे) इष्ट अनुक्रमाचे धागे, न विरघळणाऱ्या घन कणांवर एकेक न्यूक्लिओटाइड जोडीत तयार करण्याची रासायनिक पद्धत. धाग्याचे एक टोक कणाला बद्ध असल्याने उरलेली रसायने केवळ धुऊन काढता येतात, हे तिचे मर्म होय.

दोन न्यूक्लिओटाइडे जोडण्यात ए. एम. मायकेलसन व ए. आर. टॉड यांना १९५५ मध्ये यश आले. पुढे हरगोविंद खोराना यांनी संरक्षक गटांच्या साहाय्याने लहान धागे बनविले व ते एंझाइमाने सांधून ७७ बेस-जोड्यांचे जनुक तयार केले (१९७०). तथापि विक्रिया विद्रावात होत असल्याने प्रत्येक टप्प्यावर उत्पाद शुद्ध करावे लागे व त्यात वर्षे खर्ची पडत.

आर. बी. मेरीफील्ड यांनी १९६३ मध्ये पेप्टाइडांसाठी घन आधार वापरला. त्याच तत्त्वावर आर. एल. लेटसिंगर व व्ही. महादेवन यांनी १९६५ मध्ये बहुवारिक आधारावर न्यूक्लिओटाइडे जोडली. परंतु या सोयीची किंमतही होती : अपुरे राहिलेले धागे मधल्या टप्प्यांत वेगळे करता येत नाहीत. १०० न्यूक्लिओटाइडांच्या धाग्यास ९९ जोडण्या लागतात. प्रत्येक जोडणी ९९ टक्के पूर्ण झाली, तर अखेरीस सुमारे ३७ टक्के धागे पूर्ण लांबीचे मिळतात. ती ९५ टक्के झाली, तर एक टक्काही मिळत नाहीत. म्हणून या पद्धतीचा पुढील इतिहास हा जोडणीचे उत्पादन वाढविण्याचा इतिहास आहे.

१९८१ मध्ये एम. एच. कॅरुथर्स यांनी एम. डी. मॅटूची यांच्यासह सिलिकेचा आधार आणि एस. एल. बोकाज यांच्यासह फॉस्फोरॅमिडाइट संयुगे पुढे आणली. संरक्षक गट काढणे, जोडणी, न जुळलेली टोके बंद करणे व ऑक्सिडीकरण या चार क्रियांचे आवर्तन काही मिनिटांत होऊ लागले आणि ते यंत्राकडे सोपविता आले.

भारतातील अशी पहिली सुविधा के. एन. गणेश यांनी हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवविज्ञान केंद्रात उभारली. १९८७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले. तेथे त्यांनी पेप्टाइड न्यूक्लिइक अम्लांच्या सुधारित रूपांवर संशोधन केले. या रेणूंत शर्करा-फॉस्फेटाच्या कण्याऐवजी पेप्टाइडासारखा कणा असतो. त्यामुळे ते मेरीफील्ड यांच्याच पेप्टाइड-पद्धतीने घन आधारावर बनवितात.

सुमारे २०० न्यूक्लिओटाइडांपलीकडे उत्पादन फार घटते. म्हणून संपूर्ण जनुकासाठी लहान तुकडे एंझाइमांनी सांधण्याचा खोराना यांचा मार्ग आजही अनुसरला जातो.