मुंबईचे भाडे, वसईची माती

वसईच्या वाड्यांत केळी आणि पानवेलींच्या जागी इमारती का उभ्या राहिल्या, या प्रश्नाचे उत्तर आम्ही पापडीकर बहुधा बिल्डर आणि राजकारणी यांच्यात शोधतो. ते खोटे नाही, परंतु अपुरे आहे. उरलेले उत्तर मुंबईतील चाळींच्या भाडेपावत्यांत सापडते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत माणसे वाढली, खोल्या अपुऱ्या पडल्या आणि १९१८ साली भाड्यावर कायद्याचे बंधन आले. पुढे १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हेच प्रमाण मानले. हेतू न्याय्य होता. त्या कायद्यामुळे असंख्य कष्टकऱ्यांच्या डोक्यावरचे छप्पर टिकले. पण महागाई वाढत गेली आणि भाडे मात्र तिथेच गोठले. मालकांनी डागडुजी सोडली. अखेर १९६९मध्ये दुरुस्ती मंडळ नेमून उपकर बसवावा लागला. १९ हजारांहून अधिक जुन्या इमारती त्याखाली आल्या. १९७३मध्ये परवान्यावर राहणाऱ्यांनाही भाडेकरूंचे हक्क मिळाले, तेव्हा अनेक मालकांनी रिकामी घरे कुलूपबंद ठेवणेच पसंत केले. नव्या चाळी बांधण्यात कुणाला रस उरला नाही. जुनी खोली हवी तर पागडी मोजा, नवी हवी तर विकत घ्या, अशी स्थिती आली.

सहकाराचा मार्ग काहींनी फार आधीच धरला होता. गावदेवीची सारस्वत गृहनिर्माण संस्था १९१५ची, तर वांद्र्याची साल्सेट कॅथॉलिक संस्था १९१८ची. परंतु भागभांडवल भरू शकणाऱ्यांनाच तो मार्ग खुला होता.

ज्यांच्यापाशी पागडीही नव्हती आणि भांडवलही नव्हते, ते गाडीत बसले. १८६७मध्ये विरारहून मुंबईला पहिली लोकल धावली. पुढे अनेक पिढ्या याच मार्गाने वसईची भाजी, फुले आणि केळी मुंबईला गेली. आता त्याच मार्गाने घर शोधणारी माणसे इकडे येऊ लागली. १९८८मध्ये शासनाने हरित पट्टा बांधकामास खुला केला आणि १९९०मध्ये सिडकोची नियुक्ती झाली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने त्याविरुद्ध लढा दिला. तो माती, विहिरी आणि बावखले वाचविण्याचा लढा होता. घराच्या शोधात आलेल्या कुटुंबांशी आमचे वैर नव्हते. २०११च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांवर गेली.

गोठलेले भाडे यापुढे समर्थनीय नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७मध्ये म्हटले. नवा कायदा २००० साली अमलात आला. तोवर एका शहराच्या निवाऱ्याचा भार दुसऱ्या तालुक्याच्या शेतीवर पडून गेला होता.

आज आमच्याच घरांतील नवविवाहित मुले पापडीत अकरा महिन्यांच्या करारावर खोली शोधतात आणि अनामत रकमेच्या आकड्याने थबकतात. दुसरीकडे आपल्यातील अनेक कुटुंबे आता स्वतः घरमालक आहेत. नव्या कायद्यानुसार करार लेखी करणे आवश्यक आहे, आणि तो नोंदविण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंद नसेल तर वादात भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. हा नियम पाळणे दोघांच्याही हिताचे आहे. कुलूप लावून ठेवलेली प्रत्येक खोली नव्या इमारतीची मागणी वाढविते आणि ती इमारत शेवटी कुणाच्या तरी वाडीतच उभी राहते. वसईची माती राखू पाहणाऱ्यांनी रास्त भाड्याचा विचारही आपला मानला पाहिजे, असे आम्हांस वाटते.