घडीभराची ‘उत्क्रांती’

सातवीच्या वर्गात फुलपाखराचे जीवनचक्र शिकवत होतो. अळीचा कोश होतो, कोशातून फुलपाखरू बाहेर येते. या बदलाला काय म्हणतात, असे विचारले. मागच्या बाकावरून उत्तर आले, ‘‘सर, इव्होल्युशन!’’ मुलाने हा शब्द पोकेमॉनमधून उचलला होता. ‘चूक’ म्हणून पुढे जाणे सोपे होते. पण ही चूक जन्मली कशी, हे पाहण्यासारखे आहे.

२७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’चे ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे दोन खेळ ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी विक्रीला आले. खेळाचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता. प्राणी पकडायचे, जोपासायचे, झुंजवायचे, ही कल्पना त्या नादातूनच आली. झुंजून अनुभव वाढला की प्राणी नवे रूप घेतो. कॅटरपी ही अळी सातव्या पातळीवर मेटापॉड हा कोश होते आणि दहाव्या पातळीवर बटरफ्री हे फुलपाखरू. आपण याला रूपांतरण म्हणतो. खेळाने मात्र ‘शिन्का’ हा शब्द घेतला. उत्क्रांतीसाठी जपानी जीवशास्त्रात हाच शब्द आहे. (मराठी कानाला शिंका ऐकू येतात, त्याला इलाज नाही!) इंग्रजीतही तोच अर्थ गेला. जीवांच्या समूहात पिढ्यान्‌पिढ्या घडणारा बदल एकाच प्राण्याच्या अंगावर काही सेकंदांत घडू लागला.

तरी हा बदल कायमचा होता. फुलपाखराची पुन्हा अळी होत नसे. पुढे २००२ साली ‘रूबी’ आणि ‘सॅफायर’ या खेळांत कास्टफॉर्म नावाचा प्राणी आला. ऊन, पाऊस, गारा यांप्रमाणे तो रूप बदलतो आणि हवा निवळली की पूर्ववत होतो. पण ती एका प्राण्यापुरती गंमत होती. दरम्यान १९९९ च्या ‘डिजिमॉन’ या जपानी चित्रमालिकेत लढाईपुरते मोठे होऊन परत लहान होणारे प्राणी मुलांच्या परिचयाचे झाले होते.

खरा फरक १२ ऑक्टोबर २०१३ रोजी पडला. त्या दिवशी ‘एक्स’ आणि ‘वाय’ हे खेळ जगभर एकदम प्रसिद्ध झाले आणि त्यांत ‘मेगा इव्होल्युशन’ आले. प्राण्याजवळ त्याच्या जातीचा विशिष्ट दगड हवा, खेळाडूजवळ दुसरा. लढाईत एकदाच, एकाच प्राण्याला हे रूप देता येते आणि लढाई संपली की ते उतरते. कांगास्कान या प्राण्याच्या पोटाच्या पिशवीतले पिल्लूही तेव्हा बाहेर येऊन आईबरोबर लढते! तोपर्यंत प्राण्यांची संख्या सातशेच्या वर गेली होती आणि जुने प्राणी मागे पडत होते. त्यांना कायमचे बळ दिले असते तर तोल बिघडला असता. तात्पुरत्या बळाची किंमत मात्र लगेच मोजावी लागते: प्राण्याला एकच वस्तू जवळ बाळगता येते, म्हणून दगड घेतला की दुसरी उपयोगी वस्तू सोडावी लागते. माझ्या मते खेळ रचणाऱ्यांची ही युक्ती फार हुशारीची होती. २०१६ च्या ‘सन’ या खेळातील माहितीकोशात तर ग्लेली या प्राण्याचा जबडा मेगा रूपातील जादा ऊर्जेने मोडला, असे लिहिले आहे. बळ फुकट मिळत नाही, हे खेळालाही सांगावेसे वाटले!

नंतर प्रकार बदलत गेले. २०१९ च्या ‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’मध्ये मेगा रूप वगळले गेले, तेथे प्राणी तीन फेऱ्यांपुरता महाकाय होतो. २०२२ च्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’मध्ये तो स्फटिकासारखा चमकतो व त्याचा प्रकारच बदलू शकतो. २०२५ च्या ‘लेजेंड्स झेड-ए’मध्ये मेगा रूप परत आले. जपानी भाषेत ‘मेगा शिन्का’ लिहिताना उत्क्रांतीची नेहमीची चित्रलिपी न वापरता केवळ उच्चारलिपी वापरतात. निर्मात्यांनाही या शब्दापासून थोडे अंतर ठेवावेसे वाटले असेल काय?

वर्गात मी त्या मुलाला फळ्यावर तीन रकाने करायला सांगितले: पिढ्यांचा बदल, एका जीवाचा कायमचा बदल, एका जीवाचा परतणारा बदल. कॅटरपी दुसऱ्या रकान्यात गेली. मेगा रूप तिसऱ्यात. पहिल्या रकान्यात पोकेमॉनमधले काय घालावे, यावर बराच वाद झाला आणि तो रकाना रिकामाच राहिला. मग तिसऱ्या रकान्यासाठी खरा प्राणी शोधू लागलो, तेव्हा पहिल्या पावसात शेतात दिसणारा मोठा बेडूक एका मुलीला आठवला. एरवी हिरवट-तपकिरी असणारा नर विणीच्या हंगामात पिवळाधमक होतो, गळ्याच्या पिशव्या निळ्या दिसतात आणि हंगाम सरला की पुन्हा पहिल्यासारखा होतो.

‘‘मग सर, त्याचा दगड कोणता?’’ मागच्या बाकावरून प्रश्न आला.

‘‘पाऊस,’’ मी म्हणालो. उत्तर अपुरे होते. दुसऱ्या दिवशी संप्रेरकांपासून सुरुवात करावी लागली.