चाकरमान्याची वाट व बाळंतिणीची वाट

मुंबईच्या कापड-गिरण्यांचा इतिहास बहुधा धुराडीं, चात्या व संप यांच्या अनुषंगानें सांगितला जातो. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं पहिल्या गिरणीची कंपनी स्थापिली, आणि पुढील अर्धशतकांत कोंकणांतला व घाटावरचा शेतकरी या शहराकडे लोटला. परंतु या स्थलांतरांत स्त्रीची व पुरुषाची वाट एक नव्हती, आणि म्हणून त्यांचे आजारहि एक नव्हते.

१९२१ च्या खानेसुमारींत मुंबईंतील स्त्रियांची संख्या पुरुषांच्या निम्म्याहून थोडीच अधिक भरली. रत्नागिरी जिल्ह्यांत मात्र पुरुषांहून स्त्रियाच जास्त होत्या. चाकरमानी खानावळीच्या अन्नावर आणि दाटीवाटीच्या खोलींत दिवस काढी. गांवीं बायको मनिऑर्डरीची वाट पाहत खोताची जमीन कसे. क्षय जडला कीं तो घरीं परते. मग शुश्रूषा तिच्या वांट्यास येई, आणि पुष्कळदा तो रोगहि.

ज्या स्त्रिया शहरांत आल्या त्यांत विधवा व टाकलेल्या पुष्कळ. गिरणींत सूत गुंडाळण्याचें हलक्या मजुरीचें काम त्यांना मिळे. तान्हें मूल दिवसभर निजून राहावें म्हणून त्याला अफूची गोळी देण्याचा प्रघात होता.

१९२१ सालीं मुंबईंत दर हजार जन्मांमागें सहाशेंहून अधिक अर्भकें दगावल्याचा आंकडा निघाला. तो वाचून अंगावर कांटा येतो. पण तो जसाच्या तसा घेतां येत नाहीं. अनेक बायका बाळंतपणास गांवीं जात, तेव्हां जन्म तेथें नोंदला जाई. पुढें मूल घेऊन त्या कामावर परतत, आणि तें दगावलें तर मृत्यूची नोंद मुंबईच्या दप्तरांत होई. आंकडा फुगला तो असा. परंतु फुगलेल्या आंकड्यामुळें दुःख खोटें ठरत नाहीं. ओल्या बाळंतिणीला मूल काखेस मारून पुन्हां गिरणीचा दरवाजा गांठावा लागे, हेंच त्या चुकीच्या मुळाशीं आहे.

मुंबई इलाख्यानें १९२९ सालीं प्रसूति-भत्त्याचा कायदा केला. हिंदुस्थानांतील अशा प्रकारचा तो पहिलाच. त्याचें श्रेय कमी लेखण्याचें कारण नाहीं. तथापि तो भत्ता कारखान्याच्या पटावर नांव असलेल्या बाईसाठीं होता. गांवीं क्षयी नवऱ्याच्या उशाशीं बसलेली बाई कोणत्याच पटावर नव्हती. तिचें आजारपणहि या स्थलांतराच्या हिशेबांत धरल्यावांचून तो पुरा होणार नाहीं.