पडद्यावर थांबलेली गाडी

भिवंडी-कल्याण रस्त्यावर टेमघरजवळ मालमोटार धावत असते. कार्यालयातील पडद्यावर मात्र ती दहा मिनिटांपूर्वीच्याच जागी उभी दिसते. गाडीत सिमकार्ड आहे, मनोराही दूर नाही. मग संदेश अडतो कुठे? त्यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

१९२८ साली अमेरिकेतील डेट्रॉइटच्या पोलीसगाड्यांत रेडिओ बसवले गेले. गाडीला हुकूम ऐकू येई, पण उत्तर द्यायचे तर खाली उतरून टेलिफोन शोधावा लागे. पुढे संभाषण दुतर्फा झाले, तरी एक अडचण उरलीच. इमारतींवरून परावर्तित झालेल्या लहरी निरनिराळ्या वाटांनी येतात आणि काही ठिकाणी एकमेकींना जवळजवळ नाहीशा करतात. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर. अशा क्षीण जागा साधारण अर्ध्या लांबीच्या अंतराने येतात. ताशी ३६ किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे ६० क्षीण जागा ओलांडते. (हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे.) पत्र्याच्या गोदामात गाडी शिरली, की संपर्क पुरताच तुटू शकतो.

पण संपर्क परतल्यावरही गाडी गप्प का राहते? याचे उत्तर आम्हाला सर्वांत मौजेचे वाटते. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचे विद्यापीठ यांच्यातील माहितीचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. अंतर अवघे ४०० यार्ड! जाळे तुंबले होते. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये त्यावरील उपाय प्रसिद्ध केला. पोच आली नाही, तर वाट तुंबली असे समजून वेग कमी करावा. तरीही पोच नाही, तर थांबण्याचा काळ दर वेळी दुप्पट करावा. तारांच्या जाळ्याला हा उपाय उत्तम लागू पडला. गाडीत मात्र पोच हरवते ती गर्दीमुळे नव्हे, तर लहर क्षीण झाल्यामुळे. पहिला संदेश हरवला, तर पुढचे प्रयत्न १, ३, ७, १५, ३१ आणि ६३ व्या सेकंदाला होतात. संपर्क ३५ व्या सेकंदाला परतला, तरी पुढची २८ सेकंदे गाडी उगाच थांबून राहते.

दुसरे कारण अधिक फसवे. मोबाईल कंपनीची यंत्रे एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देतात आणि त्याची नोंदवही ठेवतात. चालक ढाब्यावर चहाला थांबला, काही मिनिटे संदेश गेला नाही, की नोंद पुसली जाते. दोन्ही टोकांना त्याची वार्ता नसते.

मालमोटारीचे यात फार तर भाडे बुडते. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने २६ ऑक्टोबर १९९२ रोजी गाड्या पाठवण्याचे काम संगणकावर सोपवले. रेडिओ न पोहोचणाऱ्या जागा आणि अर्धवट नोंदी यांमुळे कोणती गाडी कुठे आहे हेच संगणकाला नीट कळेना. एकाच ठिकाणी दोन-दोन गाड्या गेल्या, काही रुग्ण ताटकळले. दुसऱ्याच दिवशी काम अंशतः पुन्हा हाताने करावे लागले. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा हा अनुभव दोन दशके जुना झाला होता.

आता गाडीतील यंत्र आपली स्थाने वेळेसह साठवून ठेवते व संपर्क येताच पाठवते. मधूनमधून एखादा चिमुकला संदेश धाडून नोंदही जिवंत ठेवते. चांगल्या पडद्यावर गाडीच्या ठिपक्याशेजारी खबर किती जुनी आहे तेही लिहिलेले असते. ती दहा मिनिटांची झाली, की कार्यालयातील माणूस चालकाला सरळ फोन लावतो.