लीळाचरित्रातील द्यूतकथन

म्हाइंभटसंकलित लीळाचरित्र या मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथात आलेला, महानुभाव पंथाचे संस्थापक श्रीचक्रधर यांच्या पूर्वायुष्यातील जुगाराचा वृत्तांत. मराठी आत्मकथनाचा शोध घेताना तो ध्यानात घ्यावा लागतो.

या कथेचा एक धागा नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगरच्या उत्तरेस असलेल्या माहूरपर्यंत जातो. पंथपरंपरेनुसार फलटणच्या चांगदेव राऊळांना (चक्रपाणी) माहूर येथे श्रीदत्तात्रेयांकडून शक्तिस्वीकार झाला. पुढे ते द्वारावतीस राहिले. भडोचचा प्रधान विशाळदेव याचा पुत्र हरिपाळदेव निधन पावला, तेव्हा त्याच्या देहात त्यांनी प्रवेश केला, अशी पंथीयांची श्रद्धा आहे. पुनर्जीवित हरिपाळदेवास द्यूताचे व्यसन जडले. एकदा तो मोठी रक्कम हरला व जिंकणाऱ्यांचे देणे फेडण्यासाठी त्याने पत्नी कमळाइसा हिच्याकडे दागिने मागितले. तिने नकार दिला. संसारास विटलेल्या हरिपाळदेवाने रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून घर सोडले. वाटेत ऋद्धिपूर येथे त्याला गुंडम राऊळ ऊर्फ गोविंदप्रभू भेटले आणि पुढील चरित्र चक्रधरांचे झाले.

भडोच सोडल्यानंतरच्या एकाकी भ्रमणात अनुयायी सोबत नव्हते. तत्पूर्वीच्या गृहस्थाश्रमाचा तर त्यांच्यापैकी कोणीही साक्षी नव्हता. त्यामुळे या हकीकतीचा उगम चक्रधरांच्याच निवेदनात असला पाहिजे. चक्रधरांच्या उत्तरापंथे गमनानंतर, शके १२०० (इ. स. १२७८) च्या सुमारास, म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली शिष्यांच्या आठवणी गोळा केल्या आणि पाठभेदही नोंदविले. ज्यांना चक्रधर प्रत्यक्ष परमेश्वरावतार होते, त्यांना हा प्रसंग गाळणे सहज शक्य होते. तो राहिला, याचे कारण अवताराची प्रत्येक कृती ही लीळाच, हा पंथाचा दृष्टिकोन. म्हणून यात कबुली आहे, पण पश्चात्ताप नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात (१०.३४) याच्या उलट जुगारी स्वमुखाने शोक करतो, पत्नी दुरावली, सासू द्वेष करते, तरी फासे त्याला ओढून नेतात.

द्यूताचे ऋण हे त्या काळी केवळ प्रतिष्ठेचे देणे नव्हते. मनुस्मृती द्यूताचा निषेध करते. पण याज्ञवल्क्यस्मृतीत राजमान्य द्यूतगृहाची व्यवस्था आहे. द्यूतगृहाच्या चालकास ‘सभिक’ म्हणत. शंभर वा अधिक पणांच्या डावावर त्याने शेकडा ५, इतरांवर शेकडा १० घ्यावे, राजाचा भाग द्यावा आणि हरलेल्याकडून रक्कम वसूल करून जिंकणाऱ्यास पोचवावी, असा नियम आहे. या स्मृतीवरील मिताक्षरा ही विज्ञानेश्वराची टीका चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, सिद्ध झाली; लातूरची सीमा तेथून दूर नाही. अशा व्यवस्थेत हरिपाळदेवावरील तगाद्यास राजसत्तेचे पाठबळ असू शकत होते.

कमळाइसेचा नकार वाचकास कठोर वाटतो, कारण कथेचा ओघ पतीबरोबर वाहतो. परंतु याच स्मृतीनुसार दुष्काळ, धर्मकार्य, व्याधी व बंदिवास या प्रसंगी पतीने घेतलेले स्त्रीधन त्याने परत करणे आवश्यक नाही. द्यूतातील हार त्यांत मोडत नाही.