पाणपक्ष्यांचे अंडे : इतिहासाचे एक साधन

टिटवी नदीकाठच्या उघड्या जमिनीवर अंडी घालते. ती उंचवट्यावर असली तर पाऊस मोठा, सखल जागी असली तर बेताचा, असा शेतकऱ्यांचा जुना अडाखा आहे. निलंगा तालुक्यातून वाहणाऱ्या तेरणा-मांजरेच्या काठीही टिटवी अपरिचित नाही. शेतकरी अंड्याच्या जागेवरून पुढील काळ ताडतो. रसायनशास्त्रज्ञ अंड्यातील बलकावरून मागील काळ वाचतो.

या वाचनाचा एक महत्त्वाचा विषय म्हणजे ब्रोमीनयुक्त 'अग्निरोधके'. वस्तुतः ही द्रव्ये आग रोखीत नाहीत, तिचा प्रसार मंदावतात. म्हणून 'ज्वलनमंदक' हा शब्द अधिक यथार्थ होय. पॉलिब्रोमिनेटेड डायफेनिल ईथर या वर्गातील संयुगे गाद्यांच्या फोममध्ये व दूरचित्रवाणी संचांच्या आवरणांत मिसळली जात. ती फोमशी वा प्लॅस्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेली नसल्यामुळे धुळीवाटे व सांडपाण्यावाटे सुटतात, गाळातून माशांत व माशांतून पक्ष्यांत जातात, आणि चरबीत विरघळत असल्याने मादीच्या शरीरातून अंड्याच्या बलकात उतरतात. याच कुळातील एका द्रव्याचा धोका १९७३ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात प्रकट झाला होता. तेथे हे ज्वलनमंदक चुकून गुरांच्या खाद्यात मिसळले गेले व हजारो गुरे मारावी लागली.

अंड्यांवरून प्रदूषणाचा काळ ठरविण्याची पद्धती त्याहूनही जुनी आहे. ब्रिटिश संशोधक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये संग्रहांतील कवचांची तुलना करून दाखविले की, बहिरी ससाण्याच्या अंड्यांचे कवच १९४७च्या सुमारास एकाएकी पातळ झाले. पुढे त्याचे कारण डीडीटी असल्याचे ठरले. ज्यांनी ती जुनी कवचे जमविली, त्यांच्यापैकी अनेकांना डीडीटी हे नावही ठाऊक नव्हते. प्रश्न उद्भवण्यापूर्वीच पुरावा जपला गेला होता, हा यातील मर्माचा भाग. राजवाड्यांनी धुंडाळलेली दप्तरेही भावी इतिहासकारासाठी लिहिली गेली नव्हती.

ज्वलनमंदकांच्या बाबतीत हेच घडले. बाल्टिक समुद्रातील स्टोरा कार्ल्सो बेटावरील गिलेमॉट पक्ष्यांची १९६९ पासूनची अंडी स्वीडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने गोठवून ठेवली होती. त्यांच्या परीक्षणात या द्रव्यांचे प्रमाण १९८०च्या दशकाच्या मध्यापासून अखेरीपर्यंतच्या काळात शिखरास पोहोचून नंतर वेगाने उतरलेले दिसले. उत्तर अमेरिकेतील महासरोवरांच्या काठी मात्र निराळी कथा होती. हेरिंग कुरव पक्ष्याच्या १९८१ ते २००० या काळातील अंड्यांत, मिशिगन, ह्यूरॉन व ऑन्टारिओ या सरोवरांवर, हे प्रमाण दर दोन-तीन वर्षांनी दुप्पट होत गेले होते. अंडी जपलेली नसती तर दोन प्रदेशांतील हा भेद कोणत्याही अनुमानाने हाती लागला नसता.

स्टॉकहोम कराराने या वर्गातील पेंटा व ऑक्टा मिश्रणांतील प्रमुख संयुगे २००९ मध्ये, तर डेका मिश्रण २०१७ मध्ये निषिद्ध यादीत घातले. भारताने २०१८च्या नियमांनी पेंटा व ऑक्टा प्रकारांवर बंदी घातली. तथापि बंदीपूर्वीच्या गाद्या व संच मोडीत निघेपर्यंत त्यांतील द्रव्य संपत नाही. निषेधाचा परिणाम अंड्यात उशिरा उमटतो. तो मोजावयाचा तर नमुने दरवर्षी त्याच ठिकाणाहून घेऊन ठेवावे लागतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये त्यासाठी परवानगी लागते. न उबलेली, टाकून दिलेली अंडीही या कामी पुरेशी उपयोगी पडतात.