मंग सीतामायचं काय झालं?

पोथी वाईट प्रसंगावर मिटायची नाही, ही शिस्त मला सासूबाईंनी लावली. मेहकरात आमच्या वाड्याच्या ओसरीवर चातुर्मासात त्या वाचायच्या. त्यांची नजर कमी झाली तशी पोथी माझ्यापुढे आली. अभिमन्यू पडला आणि अध्याय संपला, तरी पुढच्या अध्यायातल्या चार ओव्या वाचायच्या, देवाचं नाव येऊ द्यायचं आणि मगच मोरपीस ठेवून पोथी मिटायची. ऐकणाऱ्या बायका इथून उठून चुलीपाशी जाणार, रात्री लेकरांना जवळ घेऊन निजणार. जिवाला घोर लावून त्यांना घरी धाडू नये, असं सासूबाई म्हणत.

शेवटाची तयारी तर त्याहून मोठी. शेवटच्या अध्यायातल्या पाच ओव्या सांगतेसाठी राखून ठेवायच्या. त्या दिवशी पोथीला हळदकुंकू, फुलं, खाली कोरा खण. घराघरातून शिधा आलेला, आत पुरण शिजत असलेलं. राखलेल्या ओव्या वाचल्या, फलश्रुती झाली, आरती झाली की वाचणारीची ओटी भरायची. मध्ये आठ-आठ दिवस न फिरकलेली बाईसुद्धा सांगतेला यायचीच. गावात सप्ता बसला तरी हाच न्याय. १८८८ मध्ये जमिनीतून निघालेल्या आमच्या शारंगधर बालाजीच्या देवळात बघा नाहीतर खेड्यातल्या मारुतीच्या पारावर, काल्याचं कीर्तन झाल्याशिवाय सप्ता उठत नाही.

ओसरीवरच्या आमच्या पोथ्या श्रीधरस्वामींच्या. ‘हरिविजय’ १७०२ चा, ‘रामविजय’ १७०३ चा, ‘पांडवप्रताप’ १७१२ चा. ओसरीवरच्या कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती. पण त्यांच्या अनुक्रमे ३६, ४० आणि ६४ अध्यायांत कोण कुठे येतो आणि पुढे त्याचं काय होतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. शेवट ठाऊक असूनही त्या ऐकायला येत. ज्याला गोष्टीत आणलं त्याला मार्गी लावायचं, ही सांगणाऱ्याची जबाबदारी, आणि ती पार पडताना आपण समोर बसलेलं असावं, अशी त्यांची धारणा होती. मालिकांच्या शेवटावरून आज लोक जे चिडतात, त्याचं मूळ मला इथे दिसतं. प्रेक्षक फार हट्टी झालेत असं म्हणणाऱ्यांनी आधी ही ओसरी पाहायला हवी होती.

२५ जानेवारी १९८७ ला रामानंद सागरांचं ‘रामायण’ सुरू झालं. आमच्याकडे लाकडी दारांचा, काळा-पांढरा टीव्ही होता. रविवारी सकाळी ती दारं सरकवायच्या आधी सासूबाई चौकटीला हळदकुंकू लावत. वर्षभरात त्या जागी लाकडाचा रंगच बदलला. पडद्यावर मुंग्या आल्या की एक पोरगं माडीवर चढून अँटेनाचा पाइप फिरवायचं आणि खालून सगळी ओसरी एका आवाजात ओरडायची, ‘बस्स, आता हलवू नको!’ पोथीला बसायच्या त्याच बायका त्याच क्रमाने बसत, वयस्कर पुढे, लेकुरवाळ्या दाराशी.

३१ जुलै १९८८ ला राज्याभिषेक दाखवून मालिका संपली. टीव्हीची दारं लावली तरी पहिल्या रांगेतली एक म्हातारी उठेना. तिने विचारलं, ‘मंग सीतामायचं काय झालं?’ ‘रामविजया’तलं लवकुशांचं युद्ध तिने माझ्या सासूबाईंच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल! तिला सगळं ठाऊक होतं. एवढ्या लोकांसमोर गोष्ट मांडली आणि सीतेला असं मध्येच सोडलं, हे तिला पटत नव्हतं.

तिचाच प्रश्न तिकडे उत्तरेत रस्त्यावर आला होता. पंजाबात जालंधरला आणि इतरही शहरांत वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी झाडू खाली ठेवले. वाल्मीकी ऋषींना ते आपले पूर्वज मानतात, आणि सीतेला आसरा देणारे, लवकुशांना वाढवणारे वाल्मीकी तर राज्याभिषेकानंतरच्या उत्तरकांडातच भेटतात. राज्याभिषेकाशी थांबणं म्हणजे त्यांचा ऋषी गोष्टीतून वगळणं. शेवटी सरकारला मान्य करावं लागलं आणि सागरांनी पुढची कथा केली. आपल्या देशात मालिकेच्या शेवटासाठी झालेली एवढी मोठी चळवळ मला दुसरी माहीत नाही, आणि ती केली झाडू मारणाऱ्या हातांनी. मला त्या लोकांचा फार अभिमान वाटतो.

‘महाभारत’ २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० चाललं. ९४ भाग झाले आणि ते भीष्मांच्या देहत्यागाशी थांबलं. यादवांचा नाश, पांडवांचं हिमालयाकडे जाणं त्यात आलं नाही. पण युद्धाने थकलेली ओसरी तेव्हा फारशी कुरकुरली नाही.

मग केबल आली, आणि पोथीची रीत उलटी झाली. रोजचा भाग नेमका वाईट प्रसंगावर तुटू लागला. हातातला दुधाचा पेला खाली पडतो, वाजतं काहीतरी, आणि पुढचं उद्या. घोर लावून घरी धाडायचं नाही हा आमचा नियम. इथे घोर लावणं हाच धंदा. ई-टीव्ही मराठीवर ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून २०१३ च्या सुरुवातीपर्यंत चालली, ३ हजारांवर भाग. रोहिणी हट्टंगडींची आशाताई आणि कविता मेढेकरांची अनुराधा आमच्या घरातल्याच झाल्या. त्या काळात भारनियमन एवढं होतं की भाग बुडाला तर दुसऱ्या दिवशी नळावर किंवा दळणाला गेल्यावर गोष्ट मिळवावी लागे. एवढ्या कष्टाने धरून ठेवलेली माणसं वाहिनी पंधरवड्यात आवरते, तेव्हा मन दुखावतं. मला तीन-चार मालिकांत सारखाच शेवट दिसला. खलनायिका एका भागात पश्चात्ताप करते, मध्येच ‘काही वर्षांनंतर’ येतं, आणि सगळं कुटुंब दिवाणखान्यात फोटोला उभं राहतं. मध्यंतरी गावाला गेलेला दीर परत आलाच नाही, हे लेखकाला आठवत नाही. दाराशी बसणाऱ्या बायकांना आठवतं.

‘माझ्या नवऱ्याची बायको’ने तर आमच्या विदर्भाची पोरच नायिका केली. राधिका नागपूरची, तिच्या बोलण्याला आपल्याकडचा वास. २०१६ ते २०२१ आम्ही तिच्या पाठीशी उभ्या राहिलो, आणि गुरुनाथला अद्दल घडायची वाट पाहिली. तो सापडायचा, सुटायचा, पुन्हा सापडायचा. इतक्या वेळा, की अखेर आली तेव्हा आमचा राग शिळा झाला होता.

अर्धवट गोष्ट मेहकरला नवी नाही. कंचनीचा महाल गावातच उभा आहे. लोणारच्या देवीचा दिवा दिसेल एवढा उंच महाल बांधायचा कंचनी नावाच्या बाईचा ध्यास होता आणि तो पुरा झाला नाही, असं म्हातारी माणसं सांगत आली. तिचं पुढे काय झालं, हे जो तो आपल्या परीने सांगतो. आमच्या गावचे कवी ना. घ. देशपांडे यांनीही तिच्यावर कविता लिहिली. पण तिथे कुणी ‘उद्या सांगतो’ म्हणून शब्द दिलेला नव्हता. शब्द देऊन घाईघाईने उरकलेली गोष्ट जास्त बोचते.

शेवट जपून कसा करावा हे ‘स्वराज्यरक्षक संभाजी’त दिसलं. जिजाऊंचं माहेर सिंदखेडराजा आमच्याच जिल्ह्यातलं, तेव्हा शंभूराजे आमच्या लेकीचे नातू. ११ मार्च १६८९ ला काय झालं हे शाळकरी पोरालाही ठाऊक. महाराजांचे हाल पडद्यावर दाखवू नयेत, अशी मागणी झाली. शंभूराजे साकारणाऱ्या अमोल कोल्हेंच्या चमूने तो प्रसंग उघडावाघडा केला नाही, आणि २९ फेब्रुवारी २०२० ला मालिका संपली. आमच्याकडे सगळ्या रडल्या, पण तक्रार एकीचीही नव्हती. पुढच्याच महिन्यात टाळेबंदी लागली, दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा लावलं, आणि राज्याभिषेक झाल्यावर लगेच उत्तरकांडाची कथा सुरू केली. पहिल्या रांगेतली ती म्हातारी तोवर राहिली नव्हती.

पुण्यातला माझा भाचा सांगतो, ‘गेम ऑफ थ्रोन्स’ नावाच्या इंग्रजी मालिकेचा शेवटचा हंगाम २०१९ मध्ये लोकांना एवढा खटकला की तो नव्याने करा म्हणून दहा लाखांवर लोकांनी सह्या केल्या. त्याला ते वेड वाटतं. मला वाटत नाही. आठ वर्षं ओसरीवर बसवलंत, तर सांगता नीट करा, एवढंच ते मागत होते.

माझं मागणंही फार नाही. मालिका बंद करायची ठरली की महिनाभर आधी सांगा. त्या महिन्यात नवं संकट आणू नका. गोष्टीत आणलेल्या प्रत्येकाचं काय झालं ते दाखवा, त्या गावाला गेलेल्या दिराचंसुद्धा. शेवटचा भाग सणाच्या किंवा परीक्षेच्या दिवशी ठेवू नका. आमच्या बायका पुरण घालून बसतील, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्याच नव्या मालिकेला हजर असतील.